११४ मधले दोघं

१

जॅकेटवाल्याला पोहता येत नाही, ही गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती. एक त्याची आई, दुसरे कारखान्यातले मास्तर आणि तिसरा तो स्वतः. अकरा वर्षं तो लाइफ जॅकेटं विकत होता. "यात माणूस बुडायचं म्हटलं तरी बुडू शकत नाही साहेब," हे इतक्या खात्रीनं सांगायचा, की हा जन्मलाच पाण्यात असं ऐकणाऱ्याला वाटावं. प्रत्यक्षात पाणी कमरेच्या वर आलं की तो मागे फिरायचा.

पाण्यावरच्या खेळांचं सामान बनवणाऱ्यांचा दर वर्षी एक मेळावा असतो. कुठल्यातरी गरम बेटावरचं रिसॉर्ट धरतात आणि चार दिवस सगळे एकमेकांना आपापला माल दाखवत बसतात. होड्या, वल्ही, पंप, शिट्ट्या. इथे कुणाचं नाव कुणाला लक्षात राहत नाही. जो जे विकतो ते त्याचं नाव.

इतकी वर्षं मास्तर सोबत यायचे. बोलायचं काम याचं, पाण्यात उडी मारायचं काम मास्तरांचं. या वर्षी मास्तर निवृत्त झाले. जाताना म्हणाले, "आता तूच मार उडी. जॅकेट चांगलं असेल तर वाचशील. नसेल तर निदान गिऱ्हाइकाची फसवणूक टळेल."

म्हणून फॉर्म भरताना तो एकटा होता. खोली मात्र दोघांचीच मिळायची, आणि दुसऱ्याचं नाव टाकल्याशिवाय फॉर्म काही पुढे सरकेना. रेघ ओढली, चालली नाही. फुली मारली, तीही चालली नाही. शेवटी वैतागून त्यानं तिथे लिहिलं: जावईबापू.

जावईबापू म्हणजे कारखान्यातला पुतळा. बुडणाऱ्याला बाहेर कसं काढायचं ते शिकवायला वापरतात, तसला. जाड कापडाचा, माणसाएवढा, हात, पाय, धड सगळं जिथल्या तिथे. चेहऱ्याच्या जागी फक्त एक उभी शिवण. मानेमागचं बूच उघडून आत पाणी भरायचं, की पंच्याहत्तर किलोचा गडी तयार. पाणी काढून टाकलं की घडी करून पिशवीत. स्वतः काडीचं काम करत नाही आणि चार जणांनी उचलून न्यावा लागतो, म्हणून कारखान्यात सगळे त्याला जावईबापू म्हणायचे.

रिसेप्शनवरच्या मुलीनं दोन किल्ल्या दिल्या, दोन बिल्ले दिले, नारळपाण्याचे दोन ग्लास पुढे केले.

"दुसरे साहेब?"

"येतायत मागून," जॅकेटवाला म्हणाला, आणि पिशवीवर हात ठेवून दोन्ही ग्लास प्यायला. बऱ्याच दिवसांनी त्याला हसू आलं होतं.

२

खोली ११४. दोन पलंग, मध्ये फोन, समोर काचेचं दार, दारापलीकडे पाणी. दोन्ही पलंगांवर टॉवेलाचे हंस करून ठेवलेले. त्यानं स्वतःचा हंस मोडला. दुसरा तसाच ठेवला. त्याची काय चूक.

बरोबर एक वाजता फोन वाजला. आईचाच. मोबाइलला खोलीत रेंज नव्हती, म्हणून त्यानं खोलीचा नंबर घरी देऊन ठेवला होता. दुपारची गोळी घेतली की आई एक वाजता फोन करायची, मग तो जगात कुठेही असो.

"पोचलास का रे? जेवलास?"

"हो."

"आणि बघायला कुणी आहे का तिथे? मास्तर नाहीत म्हणून विचारते."

"आहे की. खोलीत दोघं आहोत आम्ही."

"बरं झालं बाई. कसा आहे स्वभावानं?"

त्यानं पिशवीकडे बघितलं. "शांत आहे."

"तुझ्यासारखा घुम्या नको म्हणजे झालं. ऐक ना, गुडघ्याचं काय झालं माहितीये का, काल मी टाकीवर..."

"आई, माणसं आलीत. ठेवतो."

माणसं आली नव्हती. फोन ठेवल्यावर खोलीत नुसता एसीचा आवाज राहिला. गुडघ्याचं काय झालं ते ऐकायला काय हरकत होती, हे त्याला फोन ठेवल्यावर सुचलं. दर वेळी ठेवल्यावरच सुचायचं.

दुपारी त्यानं स्टॉल लावला. जावईबापूंमध्ये हॉलच्या नळाचं पाणी भरलं, त्यांना खुर्चीत बसवलं, नारिंगी जॅकेट चढवलं आणि गंमत म्हणून त्यांचा बिल्ला त्यांच्या छातीवर लावला. मग उरलेला दिवस स्टॉलवर झालं असं, की लोक यायचे, बिल्ला वाचायचे, जावईबापूंशी हात मिळवायचे आणि हसत पुढे जायचे.

शेजारी फुगवायच्या होड्या विकणाऱ्या बाई होत्या. त्यांना सगळे होडीवाली म्हणत. त्या म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा यांच्याकडे गर्दी जास्त आहे हो."

"घरचा मान आहे," तो म्हणाला.

पलीकडे शिट्टीवाला होता, आणि शिट्टीवाल्याच्या शेजारी स्टॉल मिळणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. येणारा प्रत्येक जण एक शिट्टी उचलायचा आणि फुंकून बघायचा. पहिल्या तासात सगळे दचकायचे. संध्याकाळपर्यंत कुणी मान वळवायचंही बंद झालं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाश्त्याला गेला. दारातल्या माणसानं यादीवर बोट फिरवलं.

"११४? तुमचं झालंय की सर. दोघांचं."

"मी आत्ताच उठलोय."

"दोन खुणा आहेत." माणसानं यादी त्याच्यापुढे धरली. खरंच दोन खुणा होत्या. खालची खूण होती तिथला कागद पाणी पडल्यासारखा फुगला होता. "बसा सर, परत खा. आमचं काय जातंय!"

ऑम्लेट खाताना जॅकेटवाल्यानं विचार केला, की दारातल्या माणसानं ११३ ला ११४ धरलं असणार. दोनशे लोकांत असं व्हायचंच. विचार चांगला होता. ऑम्लेट संपेपर्यंत टिकला.

खोलीवर आला तर दुसऱ्या पलंगावरचा हंस मोडलेला. गादीत माणसाएवढा खळगा, चादर ओली. त्यानं वर बघितलं. एसी होता बरोबर पलंगावर. एसी गळतो. जगातले निम्मे एसी गळतात. पण खळग्याला दोन पाय कसे, याचं उत्तर एसीकडे नव्हतं, म्हणून त्यानं चादर ओढून सरळ केली.

त्या दिवशी पहिल्यांदाच एक गिऱ्हाईक त्याच्या स्टॉलवर खरंच थांबलं. तासभर प्रश्न विचारून ते म्हणालं, "छान आहे, पण मला छत्र्या हव्या होत्या." यात एक वाजून गेला. तो पळत खोलीवर पोचला तेव्हा दीड झाला होता. फोन गप्प होता. त्यानं रिसीव्हर उचलला. कानाची बाजू ओली होती.

सफाईवाल्यानं ओल्या फडक्यानं पुसला असणार.

तो अडीचपर्यंत फोनजवळ बसला. आईनं पुन्हा केला नाही. रागावली असेल. त्याला आधी बरं वाटलं, मग बरं वाटलं याचं वाईट वाटलं. मोबाइल घेऊन बाहेर रेंजमध्ये जाऊन आपणच करावा, असंही मनात आलं. पण काय बोलायचं? त्याच्याकडे सांगण्यासारखं कधीच काही नसायचं.

जाता जाता तो रिसेप्शनवर थांबला. "एक चूक दुरुस्त करायची होती. ११४ मध्ये मी एकटाच आहे."

मुलीनं आवाज खाली आणला. "तुमचं काही भांडण झालंय का सर?"

"कुणाशी?"

"नाही, वेगळी खोली हवी असेल तर सांगा. पण ते साहेब किती साधे आहेत हो. काही मागत नाहीत, काही बोलत नाहीत. येता जाता उभे राहून आमचंच ऐकून घेतात. काल मी ड्यूटीचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं त्यांना."

तिला कुणीतरी बनवत असणार. मेळाव्यात टवाळ लोकांना तोटा नाही. त्यानंच तर सुरुवात केली होती.

४

रिसॉर्टच्या धक्क्यावर एक लाकडी फळी होती. वर हिरव्या खिळ्यांची रांग, खाली लाल खिळ्यांची. प्रत्येकाच्या नावची एक पितळी चकती, तिच्यावर खोलीचा नंबर. पाण्यावर जाताना आपली चकती हिरव्यावरून काढून लालवर टांगायची. परत आलं की आपल्या हातानं पुन्हा हिरव्यावर. फळीची जबाबदारी धक्क्यावरच्या काकांची होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा करून नियम सांगितला.

"सव्वीस वर्षं झाली मला इथे," काका म्हणाले. "लाल खिळ्यावर एक जरी चकती असली तरी मी जेवायला बसत नाही. स्वतः होडी काढतो आणि शोधायला जातो. माणूस आणल्याशिवाय घास नाही. आत्तापर्यंत एकही उपाशी दिवस गेला नाही, काय समजलात?"

सगळे हसले. जॅकेटवाला हसला नाही. तीन दिवसांत इतकं दिलासा देणारं त्यानं काही ऐकलं नव्हतं. आपण कुठेतरी राहिलो तर कुणीतरी पानावरून उठेल, ही कल्पनाच त्याला फार आवडली. त्यानं फळीवर आपली चकती शोधली. ११४ अ, हिरव्यावर. शेजारचा खिळा रिकामा होता.

११४ ब खाली होती. लालवर.

"काका, ही चुकून लागलीय."

"चुकून कशी? आत्ता गेले ना ते. पायऱ्यांवरून उतरले."

"होडीतून?"

काकांनी धक्क्याला बांधलेल्या होडीकडे बघितलं. "होडी तर इथेच आहे," ते म्हणाले, आणि पाण्याकडे बघत राहिले. मग स्वतःची समजूत काढल्यासारखं म्हणाले, "पोहणारे असतील पट्टीचे."

जॅकेटवाला हॉलकडे चालत निघाला, आणि वाटेत कधीतरी पळायला लागला. जावईबापू खुर्चीत होते. जॅकेट अंगात, बिल्ला छातीवर, हात मांडीवर. सगळं ठीक होतं. फक्त त्यांचे हात त्यानं मांडीवर ठेवले नव्हते, आणि खुर्चीखाली पाणी साचलं होतं.

"गळतायत हो तुमचे पाहुणे," होडीवाली म्हणाली.

"कुणी हलवलं का यांना?"

"मी कशाला हलवू? आणि मघाशी तुम्हीच नव्हता का बसलात इथे?"

"मघाशी मी धक्क्यावर होतो."

"मग दोघांतलं कोण बसलं होतं?" होडीवाली आपल्या विनोदावर हसली आणि पंप मारायला लागली. मागे शिट्ट्या वाजत होत्या.

हॉलभर हेच विचारत फिरेपर्यंत दोन वाजून गेले. तो तडक वर गेला. खोलीतला फोन एंगेज लागल्यासारखा गुरगुरत होता, कारण रिसीव्हर पलंगावर पडला होता. त्यानं तो जागेवर ठेवला. ओला हात पँटला पुसला. तीनपर्यंत थांबला. फोन आला नाही.

५

त्यानं हमालांच्या ढकलगाडीवरून जावईबापूंना खोलीवर आणलं आणि न्हाणीत आडवं केलं. बूच उघडलं. पाणी भसाभस जाळीत जायला लागलं. बरोबर थोडी वाळू आली, शेवाळाचा एक धागा आला. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

हॉलच्या नळाचं पाणी त्यानं स्वतः भरलं होतं, आणि ते गोडं होतं. त्याच नळाखाली त्यानं बाटली भरून प्यायली होती.

न्हाणीच्या फरशीवर बसून त्यानं शांतपणे विचार केला. कुणीतरी त्याची मस्करी करतंय. खुणा, चकती, फोन, पाणी, सगळं एकाच माणसाचं काम. फार मेहनती माणूस असला पाहिजे. म्हणजे या बेटावर एक तरी माणूस असा आहे, जो दिवसभर आपला विचार करतोय. हे मनात आल्यावर त्याला भीतीऐवजी जरा बरंच वाटलं. एकटेपणा माणसाला कुठे नेऊन ठेवतो बघा.

पाणी निथळल्यावर जावईबापूंचं नुसतं कापड राहिलं. त्यानं घडी केली, पिशवीत कोंबली, चेन ओढली, पट्टा दोनदा आवळला आणि पिशवी पलंगाखाली सरकवली. सकाळी पिशवी जिथल्या तिथे होती. फक्त दुसऱ्या पलंगावर हंस पुन्हा करून ठेवला होता. जरा ओबडधोबड. हाताला बोटं नसलेल्यानं केल्यासारखा.

६

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिकं. किनाऱ्यापासून लांब एक तराफा नांगरून ठेवला होता, तिथे नेऊन प्रत्येकानं आपापला माल पाण्यात दाखवायचा. जॅकेटवाल्यानं चकती लालवर टांगली, ती नीट बसली ना ते दोनदा बघितलं आणि अंगात जॅकेट चढवून होडीत बसला. नावाड्यानं डोकी मोजली. "चोवीस!" जावईबापू पिशवीत होते. पिशवीला डोकं नसतं.

उडी मारायची नाही हे त्यानं ठरवूनच ठेवलं होतं. तराफ्यावर त्यानं बादलीनं जावईबापूंमध्ये समुद्राचं पाणी भरलं, जॅकेट चढवलं आणि होडीवालीच्या मदतीनं त्यांना पाण्यात ढकललं. पाणी लागताच जॅकेट आपोआप फट्ट करून फुगलं आणि जावईबापू तोंड वर करून तरंगायला लागले. टाळ्या पडल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा टाळ्या, आणि त्याही दुसऱ्याला.

"पुढचा कोण?" "मी, मी!" शिट्टीवाल्यानं सगळ्यांना किनाऱ्याकडच्या बाजूला बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक शिट्टी दिली. "एक, दोन, तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम! बघू आवाज किती लांब जातो."

"तुम्ही व्हा पुढे," जॅकेटवाला होडीवालीला म्हणाला. "मी यांना काढतो."

तो वाकला. जावईबापूंचा हात धरला. पुढं काय झालं ते त्याला विचारलं असतं, तर 'ओढलं' असं तो म्हणाला नसता. वजन जास्त होतं, लाकूड ओलं होतं, पाय घसरला. असंच म्हणाला असता.

पाणी डोक्यावरून गेलं. मग त्याच्या अंगातलं जॅकेट फट्ट करून फुगलं आणि त्यानं त्याला बुचासारखं वर आणलं. इतकी वर्षं सांगत होता ते खरं निघालं होतं. क्षणभर त्याला चक्क अभिमान वाटला. मग तो ओरडला. त्याच वेळी तराफ्यावर तेवीस जणांनी मिळून शिट्ट्या फुंकल्या.

त्यानंही जॅकेटची शिट्टी फुंकली. चोविसावी.

प्रवाह त्याला तराफ्यापासून हळूहळू, घाई न करता, लांब नेत होता. किनाऱ्यावर जेवणाची घंटा झाली. होडी तराफ्याला लागली. माणसं पटापट चढली. नावाडी वाकून पाण्यातून कुणाला तरी हात देताना दिसला. नारिंगी जॅकेट. "हळू साहेब," नावाड्याचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. आणि मग, "चोवीस! चला!"

तो शिट्टी फुंकत राहिला. होडीत एकानं हसत शिट्टीनंच उत्तर दिलं.

पुतळ्याला सीटवर बसवलंय त्यांनी, त्यानं स्वतःला सांगितलं. धक्क्यावर पोचले की कळेल. तसा तर तो कसाही बसतो.

मग होडी वळली. वळताना सगळे एका बाजूला कलले आणि ज्यानं त्यानं मिळेल त्याला धरलं. शेवटच्या सीटवरच्या नारिंगी जॅकेटनंही हात काढला आणि कठडा धरला.

७

मोबाइल त्याच्या गळ्यात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पाऊचवाल्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांना फुकट वाटल्या होत्या. इथे उघड्यावर रेंज होती. पिशवीवरूनच त्यानं रिसॉर्टचा नंबर दाबला, आणि लागला फोन.

"रिसेप्शन."

"मी ११४ मधला. मी पाण्यात आहे. तराफ्याच्या मागे. होडी पाठवा."

"११४?" मुलीचा आवाज गोड होता. "पण सर, आत्ताच तर वर गेलात. किल्ली नेलीत ना."

"तो मी नाही! काकांना सांगा. फळीवर माझी चकती लालवर असेल, ११४ अ. काकांना बघायला सांगा."

"थांबा हं." पावलं गेली. पावलं आली. मुलगी हसत होती. "सर, तुमची मस्करी चालूच असते. काका जेवायला बसलेत."

फोन ठेवला गेला.

तराफा आता काडेपेटीएवढा दिसत होता. समुद्र अगदी शांत होता, आवाज असा कसलाच नाही, फक्त जॅकेटच्या कॉलरला पाणी लागून होणारा चुबुक चुबुक. कारखान्यात एक वाजल्यावर कुणी फोन उचलत नाही. मास्तर दुपारी फोन बंद करून झोपायचे. घरचाच नंबर उरला.

दोनदा रिंग झाली.

"आई, मी बोलतोय."

"अरे! आज मोबाइलवरून?"

"आई, ऐक..."

"तू ऐक आधी. मला सांगायचंच होतं तुला. दोन दिवस झाले, किती बरं वाटतंय मला. काल तासभर बोलले मी, तुझ्या बाबांचं, गुडघ्याचं, वरच्या टाकीचं, सगळं. आणि तू एकदाही मध्ये बोलला नाहीस, एकदाही 'ठेवतो' म्हणाला नाहीस. नुसता ऐकत होतास. मला श्वास ऐकू येत होता तुझा. जरा सर्दी झालीये ना? ओला ओला आवाज होता." नाक ओढल्याचा आवाज आला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकून घेतलंस रे माझं."

"आई, तो मी नव्हतो. मी पाण्यात आहे. आई, ऐक ना, मला कुणीतरी..."

"एक मिनिट, एक मिनिट. दुसऱ्या लाइनवर फोन येतोय." ती नंबर वाचत असावी. मग तिचा आवाज एकदम खुलला. "बघ, एक वाजला आणि आज तिकडूनच आला. तुझ्या खोलीचाच नंबर आहे. थांब हं बाळा, मी हा घेते."

लाइनवर खट्ट झालं. मग कुठलीशी बारीक धून सुरू झाली, आणि तो थांबला.